मराठी लेख शोधयंत्रात कसा सापडावा : बडोद्याच्या शेव-उसळीच्या उदाहरणाने

बडोद्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या संकेतस्थळावर शेव-उसळ या मिसळीसारख्या स्थानिक पदार्थावरचा एक लेख दीड वर्ष नुसता पडून होता. लेख उत्तम होता. पांढरे वाटाणे रात्रभर भिजत घालण्यापासून तरीवर येणाऱ्या लाल तेलापर्यंत सगळे लेखिकेने मन लावून लिहिले होते, पण शीर्षक होते ‘आठवणीतली चव’, आणि ‘शेव-उसळ’ हा शब्द पहिल्यांदा येत होता तो थेट सातव्या परिच्छेदात. बडोद्याची शेव-उसळ घरी कशी करायची, असे गूगलला विचारणाऱ्याच्या हाती तो लेख लागावा अशी काही सोयच आम्ही ठेवलेली नव्हती. पुढे आम्ही शीर्षक बदलले, सुरुवात नव्याने लिहिली, छायाचित्रे हलकी केली, आणि लेखाला वाचक मिळू लागले. त्या कामात जे शिकलो ते येथे क्रमाने मांडतो, कारण मराठीत चांगले लिहिणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे लेखन केवळ सापडत नाही म्हणून वाचले जात नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.

शोधयंत्राचे काम समजून घ्यायला बडोद्याच्या माणसाला फार लांब जावे लागत नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून घेतले आणि संस्थानभर सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभे करण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले. जुन्या ग्रंथालयांतल्या कार्डांच्या पेट्या ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांना आठवत असेल की एकाच पुस्तकाची लेखकाच्या नावाने, शीर्षकाने आणि विषयाने अशी वेगवेगळी कार्डे असत, आणि एखाद्या गोष्टीला दोन नावे असली तर एका नावाच्या कार्डावर ‘अमुक पाहा’ असे लिहून वाचकाला दुसऱ्या नावाकडे पाठवलेले असे. शोधयंत्रही आधी दुव्यांवरून दुव्यांवर जात पाने वाचते, मग त्यांची अशीच प्रचंड सूची करते, आणि कोणी प्रश्न विचारला की सूचीतली कोणती पाने आधी दाखवायची ते ठरवते. फरक इतकाच की येथे कार्ड लिहायला ग्रंथपाल बसलेला नसतो. ते कार्ड लेखकानेच आपल्या शीर्षकातून, उपशीर्षकांतून आणि पहिल्या परिच्छेदातून लिहून द्यायचे असते.

शब्दांची जमवाजमव

म्हणून लिहायला बसण्यापूर्वी शोधणारा कोणते शब्द वापरील ते गोळा करावे. आमच्या शहराचेच पाहा. घरात आपण बडोदा म्हणतो, जुन्या मराठी लेखनात बडोदे आढळते, १९७४पासून अधिकृत नाव वडोदरा आहे, आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या व बँक ऑफ बडोदाच्या इंग्रजी नावांत जुने रूप अजून टिकून आहे. पदार्थाचीही तीच गत : शेव-उसळ, शेवउसळ, गुजराती वळणाचे सेव उसळ, आणि यांतले प्रत्येक रूप रोमन अक्षरांत टंकणारे लोक निराळेच. त्यातून कोणी ‘कृती’ शोधतो, कोणी ‘रेसिपी’, आणि पुष्कळजण फोनला तोंडीच विचारतात, की शेव-उसळ कशी करायची.

हे शब्द मिळवायचे तीन साधे मार्ग आहेत. ब्राउझरची खासगी खिडकी उघडावी, म्हणजे आपल्या जुन्या शोधांचा परिणाम कमी होतो, आणि विषयाचा पहिला शब्द टंकून शोधयंत्र खाली कोणत्या सूचना देते ते वहीत उतरवून घ्यावे. मग निकालांच्या पानावर दिसणारे संबंधित प्रश्न आणि संबंधित शोध टिपावेत. तिसरा मार्ग मला सर्वांत मोलाचा वाटतो, तो म्हणजे विषय माहीत नसलेल्या माणसाला विचारणे. मी पुण्याच्या मावसबहिणीला फोन करून विचारले, तर ती म्हणाली, “मला नावच माहीत नव्हतं रे, मी आपलं ‘मिसळीसारखा बडोद्याचा पदार्थ’ असं टाकलं असतं.” त्या एका वाक्यामुळे लेखात एक पूर्ण नवा परिच्छेद आला : मिसळीत बहुधा मोडाची मटकी आणि वर फरसाण, तर शेव-उसळीत पांढरे वाटाणे, वर भरपूर शेव आणि तिखट तरी ज्याने त्याने आपल्या सोसण्याप्रमाणे वेगळी घालून घ्यायची. पुण्या-मुंबईच्या वाचकाला नेमके हेच जाणून घ्यायचे असते, आणि ते आमच्यापैकी कोणालाही सुचले नव्हते.

जमवलेल्या शब्दांपैकी मुख्य शब्द शीर्षकात घ्यावा आणि उरलेले मजकुरात जेथे सहज बसतील तेथेच वापरावेत. ‘बडोदा शेव-उसळ ही वडोदरा शेव-उसळ रेसिपी बडोद्यात प्रसिद्ध आहे’ अशी वाक्ये वाचकाला पळवून लावतात, आणि शब्दांची अशी कोंबाकोंबी गूगलच्या नियमांतही गैरप्रकार म्हणून धरली आहे. मराठीत मात्र एक अडचण खास आपली आहे, ती सामान्यरूपाची. बडोद्यात, बडोद्याची, उसळीला, वाटाण्यांचा अशी रूपे लिहीत गेलो तर ‘बडोदा’, ‘उसळ’, ‘वाटाणा’ हे मूळ शब्द अख्ख्या लेखात एकदाही न येण्याची शक्यता असते. शोधयंत्रे शब्दांची रूपे ओळखतात, तरी मराठीच्या बाबतीत सगळा भार त्यांच्यावर टाकू नये, असे माझे मत आहे. मूळ रूप शीर्षकात, एखाद्या उपशीर्षकात किंवा साहित्याच्या यादीत एकदा तरी प्रत्ययाशिवाय यावे.

शीर्षक आणि सुरुवात

शेव-उसळीच्या लेखाचे नवे शीर्षक झाले ‘बडोद्याची शेव-उसळ : घरी करण्याची कृती आणि तरीचे प्रमाण’. लेखिकेला जुने शीर्षक प्रिय होते आणि ते साहजिकही होते. तेव्हा ‘आठवणीतली चव’ हे आम्ही आतल्या एका भागाचे उपशीर्षक केले. निकालांत शीर्षक लांब झाले की शेपूट कापले जाते, म्हणून महत्त्वाचे शब्द आधी यावेत. शीर्षक पानाशी जुळत नसेल तर गूगल ते स्वतःच बदलून दाखवते, हेही ध्यानात असू द्यावे. शीर्षकाखाली दिसणारे दोन ओळींचे वर्णन लेखाला वर नेत नाही, पण वाचकाने टिचकी मारावी की नाही हे बरेचसे त्यावरच ठरते. त्यामुळे ते प्रत्येक लेखासाठी वेगळे लिहावे. याउलट पानाच्या कोडमध्ये ‘कीवर्ड्स’चा रकाना भरत बसण्यात काहीच अर्थ नाही. क्रम ठरवताना आपण तो पाहत नाही, असे गूगलने २००९ सालीच जाहीर केले आहे.

पहिल्या परिच्छेदात प्रश्नाचे उत्तर असावे : पदार्थ काय, किती जणांसाठी, किती वेळ लागतो. आठवणी त्यानंतर याव्यात, आणि त्या जरूर याव्यात. मांडवीच्या गर्दीत उभ्याने खाल्लेली शेव-उसळ, आईने वाटलेली लसणाची चटणी, स्वतः काढलेले पातेल्याचे छायाचित्र, या गोष्टी दुसऱ्याच्या पानावरून उचललेल्या कृतीत असूच शकत नाहीत. लेखांचा दर्जा तपासणाऱ्यांसाठी गूगलने केलेल्या मार्गदर्शिकेत डिसेंबर २०२२मध्ये लेखकाचा प्रत्यक्ष अनुभव ही कसोटी मुद्दाम वाढवली गेली आहे. लेखाखाली लेखकाचे नाव आणि त्याचा विषयाशी असलेला संबंध दोन ओळींत द्यावा.

अक्षरे खरोखर मराठी आहेत का?

आमचा सर्वांत मोठा घोटाळा येथे झाला होता. मंडळाच्या जुन्या स्मरणिकांतले लेख कोणीतरी हौसेने संकेतस्थळावर चढवले होते, पण ते युनिकोडपूर्व फाँटात होते, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची आजची समान संकेतपद्धत (युनिकोड) रूढ होण्याआधीच्या फाँटात. अशा फाँटात पडद्यावर देवनागरी दिसते आणि आत मात्र रोमन अक्षरे साठवलेली असतात. कृतिदेव फाँटात टंकलेला ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या लेखी ई, जे, के, बी, एच अशी पाच रोमन अक्षरे असतो. शोधयंत्र वाचते ती ही आतली अक्षरे, त्यामुळे असा लेख मराठीच्या सूचीत जातच नाही. तपासणी अगदी सोपी आहे : लेखातली एक ओळ उचलून ब्राउझरच्या शोधपेटीत चिकटवावी, देवनागरी दिसली तर ठीक, रोमन गोंधळ दिसला तर तो लेख परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा आणि मग डोळ्यांखालून घालावा, कारण जोडाक्षरे आणि रफार यांत चुका राहतात. स्मरणिकेची पाने नुसती छायाचित्रे म्हणून असतील, तर गूगल ड्राइव्हमधली प्रत गूगल डॉक्समध्ये उघडून मराठी मजकूर काढता येतो. तोही मूळ पानाशी ताडून पाहावा लागतो.

युनिकोडमध्येही एक बारीक फट आहे. ‘ॲ’ हे अक्षर एकसंध टंकता येते, तसेच ‘अ’वर चंद्र देऊनही करता येते, डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, संगणकाला ती वेगळी असतात. संकेतस्थळाच्या स्वतःच्या साध्या शोधपेटीला एक रूप टाकले तर दुसरे सापडत नाही, असे मी पाहिले आहे. म्हणून सर्व लेखांत एकच रूप ठेवावे.

लेखाच्या पत्त्याबद्दल मतभेद आहेत. देवनागरी पत्ता गूगलला चालतो आणि वाचकाच्या भाषेतले शब्द पत्त्यात असावेत असे गूगल स्वतःच सांगते. पण युनिकोडच्या प्रचलित साठवणीत प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइटांचे असते आणि पत्त्यात सांकेतिक रूपात त्याची नऊ अक्षरे होतात, त्यामुळे ‘बडोदा’ या शब्दातली पाच चिन्हे पंचेचाळीस अक्षरांची माळ बनतात. व्हॉट्सॲपवर असा दुवा पाठवला की तो पाठवणाऱ्यालाच संशयास्पद वाटू लागतो. मी छोटा रोमन पत्ता पसंत करतो, शब्दांमध्ये आडव्या रेघा देऊन. एकदा ठरवलेला पत्ता शक्यतो बदलू नये.

छायाचित्रे, दुवे आणि दारे

मराठी वाचक बहुतांशी फोनवर वाचतो, आणि गूगलही पानाची फोनवरची आवृत्तीच मुख्य धरते. पानावरचा सर्वांत मोठा भाग अडीच सेकंदांत दिसावा आणि टिचकीला २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद मिळावा, अशी गूगलची अपेक्षा आहे. व्यवहारात याचा अर्थ असा की फोनने काढलेले चार-पाच एमबीचे छायाचित्र जसेच्या तसे चढवू नये. रुंदी बाराशे पिक्सेलपर्यंत आणून वेबपी या हलक्या चित्रप्रकारात जतन करावे. छायाचित्राच्या पर्यायी मजकुरात, म्हणजे चित्र न दिसणाऱ्याला त्याऐवजी वाचून दाखवल्या जाणाऱ्या ओळीत, ‘फोटो १’ असे न लिहिता ‘पांढऱ्या वाटाण्यांची उसळ, वर शेव आणि हिरव्या कांद्याची पात’ असे लिहावे. अंध वाचकाला त्याचा उपयोग होतो, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

आपल्याच संकेतस्थळावरचे संबंधित लेख एकमेकांना जोडावेत आणि दुव्याचे शब्द बोलके ठेवावेत. ‘येथे टिचकी मारा’ याने शोधयंत्राला आणि वाचकालाही काही कळत नाही. बाहेरून येणारे दुवे म्हणजे शिफारशी, आणि गूगलची मूळ कल्पनाच त्यांवर उभी आहे. ते विकत घेऊ नयेत, ते नियमबाह्य आहे. त्यापेक्षा शहरातल्या दुसऱ्या मंडळाला, एखाद्या वाचनालयाला किंवा इंदूर-ग्वाल्हेरच्या स्नेह्यांना लेख दाखवावा. आवडला तर ते आपण होऊन दुवा देतात.

एवढे करूनही लेख दिसत नसेल तर दार आतून बंद आहे का ते पाहावे. संकेतस्थळ तयार होत असताना ‘शोधयंत्रांना मज्जाव’ ही खूण केलेली असते आणि ती काढायची राहून जाते. आमची तब्बल सहा आठवडे राहिली होती. रोबोट्स फाइलमधली, म्हणजे शोधयंत्राने संकेतस्थळाची कोणती पाने वाचावीत ते सांगणाऱ्या फाइलमधली, मनाई आणि पानावरची ‘सूचीत घेऊ नका’ ही सूचना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही समजून घ्यावे. पहिलीमुळे शोधयंत्र पान वाचतच नाही, म्हणून त्याला दुसरी सूचना दिसतही नाही, आणि एखादे पान सूचीतून खरोखर काढायचे असेल तर आधी पहिली मनाई उठवावी लागते.

यानंतर गूगल सर्च कन्सोल या संकेतस्थळचालकांसाठीच्या सोयीत आपल्या संकेतस्थळाची नोंद करून पानांचा नकाशा, म्हणजे साइटमॅप, द्यावा. ही सोय विनामूल्य आहे आणि मागच्या सोळा महिन्यांपर्यंतची माहिती देते. महिन्यातून एकदा त्यातले प्रश्नांचे कोष्टक, म्हणजे लोकांनी काय शोधले तेव्हा आपला लेख दिसला त्याची यादी, निवांत वाचावे. एखाद्या प्रश्नाला लेख अनेकदा दिसतो पण टिचक्या पडत नाहीत, तेव्हा शीर्षक व वर्णन पुन्हा लिहावे. लेख दुसऱ्या पानावर अडकला असेल तर त्या प्रश्नाचे उत्तर लेखात पूर्ण दिले आहे का ते पाहावे. शेव-उसळीच्या कोष्टकात आम्हाला ‘पांढरे वाटाणे किती वेळ भिजवावेत’ हा प्रश्न वारंवार आढळला, आणि लेखात होते नुसते ‘रात्री भिजत घालावेत’. आता तेथे लिहिले आहे : आठ ते दहा तास, उन्हाळ्यात मध्ये एकदा पाणी बदलून.