लघु, लघू आणि लघुत्तम: या चुका टाळा

लघुत्तम! गणिताच्या नोट्समध्ये, व्हिडिओच्या थंबनेलवर, जिथे तिथे हेच दिसतं. शब्द लघुतम आहे, एकच त. लघुला तम लागला की झालं लघुतम. तो जादा त येतो शेजारच्या महत्तममधून, लसावि (लघुतम साधारण विभाज्य) आणि मसावि (महत्तम साधारण विभाजक) जोडीनेच शिकवतात ना, पण तिथे मूळ शब्दच महत् आहे, त्याचा त् आणि तमचा त मिळून त्त होतो. लघुमध्ये त आहेच कुठे? काही जण लघु + उत्तम असं समर्थन करतात, पण मग संधी लघूत्तम होईल आणि 'सर्वात लहान' हा अर्थच उडेल. लघूत्तरी प्रश्नात मात्र त्त हवाच, कारण पुढे उत्तर आहे, म्हणून घू पण दीर्घ.

आता ऱ्हस्व-दीर्घ. शुद्धलेखनाच्या १९६२ च्या नियमांप्रमाणे तत्सम, म्हणजे संस्कृतातून जशाच्या तशा आलेल्या, शब्दाचा शेवटचा उकार दीर्घ, म्हणून एकटा असेल तर लघू. पण समासात पहिलं पद असेल तर ऱ्हस्वच राहतो: लघुकथा, लघुकोन, लघुग्रह. हा दुसरा भाग कुणी वाचतच नाही! एका शाळेच्या गणिताच्या पुस्तिकेचं प्रूफ मी नीट तपासून दिलं होतं, छपाईच्या आदल्या रात्री कुणीतरी अर्धा नियम वाचून रिप्लेस ऑल मारलं आणि पुस्तिकाभर लघूकोन, लघूतम. छापून वाटून पण झालं, मुलांनी तेच वह्यांत उतरवलं. सांगितलं तर म्हणे नियमच आहे तसा. मला या घाईचा खरंच राग येतो, मुलं छापलेलं खरं मानतात हो. मी स्वतः लघु सर्च करतो आणि प्रत्येक जागी थांबून पुढे काय चिकटलंय ते बघतो, वेळ लागतो, लागू दे.

लहानपणाचाच आणखी एक शब्द: सुक्ष्म नाही, सूक्ष्म.

लघू मुलगा, लघू खोली असं कुणी बोलत नाही, तिथे लहानच. ट्रान्सलेशन ॲपचं जसंच्या तसं चिकटवू नका.

लघू म्हणजे हलकं पण. आयुर्वेदातला लघू आहार म्हणजे पचायला हलका, थोडंसं खाणं नव्हे.

आणि कवितेच्या वृत्तातलं लघू अक्षर आकाराने छोटं नसतं, ते एका मात्रेचं (मात्रा म्हणजे उच्चाराला लागणारा वेळ मोजायचं माप) असतं, गुरू दोन मात्रांचं. 'सत्य'मधला स दिसायला ऱ्हस्व, पण पुढच्या जोडाक्षराचा आघात त्याच्यावर येतो म्हणून गुरू. डोळ्यांनी मोजू नका, मोठ्याने म्हणून बघा.