टाइमलॅप्समधला फ्लिकर आणि बिचारे फर्मवेअर : या चुका टाळा

रंकाळ्यावर संध्याकाळी ट्रायपॉड लावून उभा राहिलो, की हातात कॅमेरा घेतलेला एखादा तरुण जवळ येतो आणि विचारतो, “दादा, मॅजिक लँटर्न टाकलं, तरी व्हिडिओ लुकलुकतोयच. काय चुकलं?” हा प्रश्न इतक्यांदा ऐकला आहे, की आता मी उत्तर देण्याआधी त्याच्या लेन्सकडे बोट दाखवतो. दर काही सेकंदांनी काढलेले फोटो जोडून बनवलेल्या फिल्मला टाइमलॅप्स म्हणतात आणि तिच्यातल्या लुकलुकण्याला फ्लिकर. मॅजिक लँटर्न हे कॅननच्या कॅमेऱ्यांसाठी कंपनीबाहेरच्या प्रोग्रामरांनी लिहिलेले, मूळ फर्मवेअरच्या (कॅमेरा चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरच्या) जोडीला कार्डावरून चालणारे फर्मवेअर असून, २००९ मध्ये ट्रॅमेल हडसन यांनी ५डी मार्क २ साठी त्याची सुरुवात केली. त्यातला इंटरव्हलोमीटर ठरावीक सेकंदांनी शटर उघडतो. पण प्रत्येक फोटोत लेन्समधून नेमका किती प्रकाश आत येईल, हे त्याच्या हातात नसते. फ्लिकर बहुतेक वेळा तिथेच जन्मतो आणि शिव्या मात्र फर्मवेअरला बसतात.

मीही त्या शिव्या दिल्या आहेत. काही वर्षांपूर्वी चौपाटीवरून, शालिनी पॅलेसच्या दिशेने मावळणारा सूर्य मी कॅननच्या ६००डी आणि सोबत मिळालेल्या १८-५५ लेन्सवर टिपला. दर ८ सेकंदांनी एक, असे ८० मिनिटांत ६०० फोटो, म्हणजे २५ फ्रेमच्या हिशेबाने २४ सेकंदांची फिल्म. शटर, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता), व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल), फोकस, सगळे हाताने पक्के केलेले आणि लेन्समधले प्रकाशाचे छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर एफ/११. घरी येऊन फिल्म चालवली, तर जुना ट्यूबलाइट लागताना फडफडतो तसे आकाश फडफडत होते. मी रात्रभर डीफ्लिकर सॉफ्टवेअरशी, म्हणजे सगळ्या फोटोंचा उजेड सारखा करणाऱ्या सॉफ्टवेअरशी झुंजलो. फडफड कमी झाली, पण शेवटी चौपाटीवरचे दिवे लागले तेव्हा चित्र उजळले असे समजून सॉफ्टवेअरने अख्खे आकाशच काळे करून टाकले. दुसऱ्या दिवशी दुपारी वाड्यातल्या सावलीतल्या भिंतीसमोर कॅमेरा ठेवला आणि एफ/११ वर ५० फोटो काढले. स्थिर उजेडातली ती भिंतही लुकलुकली. मग अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवून, त्या हिशेबाने शटरचा वेळ कमी करून, तेच ५० फोटो काढले आणि भिंत शांत झाली. ही अर्ध्या तासाची परीक्षा मी आधीच घेतली असती, तर ती रात्र झोपेत गेली असती.

कारण साधे आहे. या लेन्सचे अ‍ॅपर्चर एरवी पूर्ण उघडे असते. शटर दाबल्यावर त्याची पाती ठरलेल्या आकारापर्यंत मिटतात आणि फोटो झाला की पुन्हा उघडतात. पाती दर वेळी अगदी त्याच जागी थांबत नाहीत. १८ मिमीवर एफ/११ ला दिसणारे छिद्र जेमतेम १.६ मिमी व्यासाचे असते, त्यामुळे ०.१ मिमीचा फरक पडला तरी प्रकाश १२ टक्क्यांच्या आसपास बदलतो. एफ/४ ला छिद्र ४.५ मिमीचे असते आणि तेवढ्याच फरकाने प्रकाश साडेचार टक्केच हलतो. एकट्या फोटोत हे कुणालाही दिसत नाही, पण सेकंदाला २५ फोटो एकापुढे एक धावले की लपत नाही.

म्हणून मी शक्य तिथे अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवतो आणि उजेड फार असेल तर एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काळपट काच) लावतो. एफ/११ हवेच असेल, तर डेप्थ ऑफ फील्डचे बटण (फोटो न काढताच पाती मिटवणारे) दाबून धरतो, पाती मिटलेली असतानाच लेन्स सोडण्याचे बटण दाबून लेन्स किंचित फिरवतो आणि तिचा विजेचा संपर्क तोडतो. पाती आहेत तिथेच राहतात आणि पडद्यावर एफ००, म्हणजे लेन्सशी संपर्क नाही, असे दिसू लागते. ही युक्ती कॅननसाठी आहे. यांत्रिक कळीने पाती हलवणाऱ्या निकॉनच्या जुन्या लेन्सवर ती तशी चालत नाही. लेन्स अर्धवट सुटलेली असल्याने पन्हाळ्याच्या वाऱ्यात मी हा उद्योग करत नाही; तिथे अ‍ॅपर्चरची रिंग असलेली जुनी, आट्यांनी बसणारी एम४२ लेन्स अडॅप्टरवर लावतो. डीफ्लिकर मी सर्वांत शेवटी आणि थोडेच वापरतो. रश्श्यात मीठ जास्त पडल्यावर बटाटा टाकता येतो, पण म्हणून मीठ न मोजता कुणी टाकत नाही.

ऑटो आयएसओ आणि ऑटो व्हाइट बॅलन्स बंद ठेवावेत. यावर अधिक लिहायची गरज पडू नये, तरी पडते. महाद्वार रोडवर रात्री दिव्यांच्या उजेडात शूट करताना शटर १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवावे, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे आणि बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा मंदावतात. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (शटर कॅमेरा स्वतः ठरवतो त्या मोडवर) शूट करताना मागून कुणी टॉर्च घेऊन गेला, तर आयपीसमधून (डोळा लावायच्या खिडकीतून) उजेड शिरून मीटर फसतो. त्यावर काळी पट्टी चिकटवावी. मॅजिक लँटर्नमधली पोस्ट डीफ्लिकर ही सोय रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फोटोंसाठी आहे आणि ती फोटोसोबतच्या एक्सएमपी फाइलमध्ये दुरुस्ती लिहिते, म्हणून जेपीईजी काढून ‘ते चालत नाही’ अशी तक्रार घेऊन माझ्याकडे येऊ नये. मसाई पठारावर ताऱ्यांसाठी २० सेकंदांचे शटर ठेवून लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (लांब शटरमुळे येणारे ठिपके काढणारी सोय) चालू राहिले, तर कॅमेरा आणखी २० सेकंद काळी फ्रेम घेत बसतो आणि २५ सेकंदांच्या इंटरव्हलमध्ये निम्मे फोटो गळतात.

आता फर्मवेअर वापरण्यातली खरी चूक, जी मी त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगा घाटावर केली. आदल्या रात्री जागा हवी म्हणून मी कार्डावरच्या सगळ्या फाइल कॉम्प्युटरवर नुसत्या डिलीट केल्या होत्या. घाटावर पणत्या लागत होत्या, मी कॅमेरा चालू केला आणि तो मेल्यासारखा पडून राहिला. पडदा नाही, शटर नाही, बटणांना प्रतिसाद नाही. बॅटरी बदलली, तरी तेच. कॅमेरा कायमचा गेला असे समजून मी पायरीवर बसलो. शेजारच्या काकांनी त्यांचे साधे कार्ड दिले आणि तो पहिल्याच फटक्यात जागा झाला. हे फर्मवेअर दर वेळी कार्डावरून सुरू होते. कॅमेऱ्यात कार्डावरून सुरू होण्याची परवानगी देणारी खूण तेवढी राहते. फाइल डिलीट केल्या तरी कार्डावरची ‘इथून सुरू हो’ ही खूण पुसली जात नाही, त्यामुळे कॅमेरा ऑटोएक्झेक.बिन ही फाइल शोधत अडकतो आणि तेवढ्यात बॅटरीही संपवतो. कार्ड नीट फॉरमॅट केले असते, तर ही वेळ आली नसती. तेव्हापासून माझ्या बॅगेत पांढऱ्या चिकटपट्टीने खूण केलेले एक साधे कार्ड कायम असते.

उतावळ्यांची दुसरी चूक आवृत्तीची असते. ६००डी साठी कॅननचे मूळ फर्मवेअर १.०.२ असावे लागते. व्हिडिओ पाहून कुठल्याही मॉडेलची फाइल कार्डावर ओतू नये. कार्ड काढताना झाकण उघडल्यावर लाल दिवा विझेपर्यंत थांबावे.

आणि फोटोंचा क्रमांक ९९९९ ला पोचत आला असेल, तर शूट सुरू होण्याआधी तो पाहून घ्यावा. त्यापुढचे फोटो नव्या फोल्डरमध्ये ०००१ पासून सुरू होतात आणि सगळे एकत्र करून नावाने क्रम लावला, की फिल्ममध्ये आधी अंधार पडतो आणि मग सूर्य मावळतो.