पतसंस्थेचं सॉफ्टवेअर बदलताना: गो-लाइव्हची (प्रत्यक्ष सुरू करण्याची) तारीख शेवटी ठरवा

पतसंस्थेचं सॉफ्टवेअर बदलायचं ठरलं की संचालकांचा पहिला प्रश्न असतो, "एक एप्रिलला सुरू होईल ना?" हिशेबाला तारीख सोयीची आहे, पण मार्चमध्ये कर्मचारी वसुली आणि ताळेबंदात बुडालेले असतात. चाचणीला माणूस मिळत नाही. आधी तारीख ठरवून त्यात कामं कोंबली की कात्री लागते ती चाचणीलाच. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये एका शनिवार-रविवारात ग्राहक नव्या प्रणालीवर हलवले, तेव्हा दोन डेटा सेंटरपैकी एकाचीच भार-चाचणी (एकाच वेळी अनेक जण वापरताना प्रणाली टिकते का, याची) झाली होती. लाखो लोकांना आपलं खातं उघडता येईना. २०२२ मध्ये दंड झाला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड.

सुरुवात कामांच्या यादीने करा. "कर्ज मॉड्यूल" हे काम नव्हे. "थकलेल्या हप्त्यावर दंडव्याज", "जामीनदाराची नोंद" ही कामं. दोन-तीन दिवसांपेक्षा मोठं वाटेल ते आणखी फोडा. या टप्प्यात काय करणार नाही तेही त्याच कागदावर लिहा आणि सचिवांची सही घ्या.

प्रत्येक कामाला तीन अंदाज लावा: कमीत कमी, बहुधा, जास्तीत जास्त. मधल्याला चारने गुणा, तिन्हींची बेरीज करून सहाने भागा. दंडव्याजाला १, २ आणि ९ दिवस आले, तर उत्तर ३. मात्र इथे ३ पेक्षा ९ कडे बघा. एवढी तफावत म्हणजे नियम कोणालाच नीट माहीत नाही. बफर (राखीव दिवस) वाढवण्याआधी कर्जविभागातल्या जुन्या क्लार्कला गाठा. आठ तासांच्या दिवसात हाती लागतात पाच-सहा तास, तेवढेच धरा. गणपती आणि दिवाळीचे दिवस आधीच खोडून टाका.

बाहेरच्यांवर अवलंबून असलेली कामं पहिल्या आठवड्यात सुरू करा. एसएमएसचंच बघा: संस्थेचं नाव, हेडर (पाठवणाऱ्याची संक्षिप्त ओळख) आणि मजकुराचे नमुने डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर, नोंदवलेले नसतील तर खातेदाराला संदेश पोचणार नाही. प्रोग्रामरला यात काही करता येत नाही.

सगळ्यात जास्त वेळ डेटा खातो. जुनी नावं अनेकदा श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असतात. तिथे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर साठवलेला असतो, युनिकोड या आजच्या प्रमाण पद्धतीत नेमकं उलट. साधा कन्व्हर्टर "पाटील" सहज पार करतो आणि "शिर्के", "कऱ्हाडे", "त्र्यंबक" इथे अडखळतो. म्हणून अशी अवघड दोनशे नावं वेगळी काढून डोळ्यांनी तपासा. एकच सभासद दोन क्रमांकांनी नोंदलेला असेल तर कोणता ठेवायचा हे संस्थेने ठरवायचं, सॉफ्टवेअर बनवणाऱ्या तुम्ही नाही.

मग डेटा नव्या प्रणालीत हलवण्याची रंगीत तालीम, निदान दोनदा, आणि तीही संपूर्ण डेटावर. हजार खात्यांची नमुना फाइल फसवते. किती तास लागले ते घड्याळ लावून लिहा. खात्यांची संख्या जुळली म्हणजे झालं असं समजू नका. ठेवी, कर्ज आणि येणं व्याज यांच्या शाखावार बेरजा पैशापर्यंत जुळायला हव्यात. दोन तालमी स्वच्छ झाल्या की मगच तारीख जाहीर करा.

काही बिघडलं तर जुन्या प्रणालीवर परतायची वेळही आधी ठरवा. शाखा सोमवारी दहाला उघडणार, जुन्यावर परतायला पाच तास आणि तपासणीला दोन, म्हणजे शेवटची वेळ पहाटे तीन. पण तीन वाजता थकलेली माणसं "आता होईलच" म्हणतात, म्हणून परतायचं की नाही हा निर्णय रविवारी रात्री दहाला घ्या आणि तो कोण घेणार त्याचं नाव आराखड्यात लिहा. जुना सर्व्हर फक्त वाचता येईल असा करून पुढचं लेखापरीक्षण होईपर्यंत चालू ठेवा.