गॅस गीझरवर ई१ कोड दिसला की लगेच बोर्ड बदलू नका

आयटीआय करून दुरुस्तीच्या धंद्यात उतरलेली पोरं दुकानात आली की पहिली मागणी ठरलेली: "काका, सगळ्या एरर कोडची यादी व्हॉट्सॲपवर टाका की." यादी माझ्याकडं आहे, मी देतोही. पण नुसती यादी पाठ करून कुणी गीझर दुरुस्त केलेला मी बघितलेला नाही. मशीन कुठं अडलं तेवढंच कोड सांगतो. का अडलं ते आपणच शोधायचं, आणि गिऱ्हाईक पैसे देतं ते त्या 'का'चे.

बेळगाव शहरात, निपाणी-चिकोडीकडं, पलीकडं चंदगडपर्यंत घराघरांत तीन-चार तऱ्हेची यंत्रं भेटतात. सर्वात जास्त तक्रारी येतात त्या भिंतीवरच्या गॅस गीझरच्या: पुढं छोटा डिस्प्ले, खाली दोन जाडे सेल. मग टाकीवाले विजेचे गीझर, त्यांतल्या नव्या मॉडेलवर आता आकडे यायला लागलेत. छतावर सोलर असतोच, त्याच्या आत बॅकअपचं एलिमेंट. आणि जुन्या घरांत तांब्याचा बंब अजून तापतो. त्याला कोड नाही, फुंकणी आहे. यातल्या कशालाही माणसं सरसकट 'बॉयलर' म्हणतात, म्हणून फोनवरच विचारून घ्या, गॅसचा की करंटचा. नाहीतर स्कूटरवर भलतीच पिशवी घेऊन जाल.

यूट्यूबवर 'बॉयलर फॉल्ट कोड' शोधलं की बहुतेक इंग्लंडातले व्हिडिओ येतात. जरूर बघा, ती माणसं पद्धतशीर काम करतात. पण तिकडचा बॉयलर घरभर फिरणारं बंदिस्त पाणीही तापवतो, त्या पाण्याला थंड असताना साधारण १ ते १.५ बार दाब लागतो. व्हॅलियंट कंपनीचा एफ२२ किंवा बाक्सी कंपनीचा ई११९ म्हणजे तो दाब उतरला. व्हॅलियंटचाच एफ२८ म्हणजे पेटायला गेला आणि पेटला नाही. आपल्या गॅस गीझरला असलं बंदिस्त पाणीच नाही, तेव्हा तिकडचा दाबाचा इलाज इथं लावण्यात अर्थ नाही. दुसरं म्हणजे तिकडं गॅस सेफ रजिस्टरमध्ये नाव असल्याशिवाय कुणाच्या गॅस बॉयलरला धंदा म्हणून हात लावता येत नाही. आपल्याकडं कुणीही पाना घेऊन जातो. म्हणून व्हिडिओतलं ज्ञान घेताना त्यांची शिस्तही घ्या.

आता आपल्या ई१ कडं येऊ. बऱ्याच गॅस गीझरवर याचा अर्थ 'ज्योत मिळाली नाही' असाच असतो. पण ई२, ई३ चे अर्थ कंपनीगणिक बदलतात. एकीकडं सेन्सर तुटला, दुसरीकडं मशीन जास्त तापलं. कव्हरच्या आत किंवा बाजूला स्टिकर असतो, तो आधी वाचा. काही मॉडेलवर वीस मिनिटांनी टायमर गीझर बंद करतो आणि 'ईएन' सारखी अक्षरं येतात. तो बिघाड नाही, नळ बंद करून परत उघडायचा. घरात चार जण लागोपाठ आंघोळ करतात तिथून ही तक्रार हमखास येते.

कव्हर काढण्याआधी नळ उघडा आणि कान द्या. पाणी वाहायला लागलं की आतला रबरी पडदा ढकलला जातो आणि मायक्रोस्विच 'टिक' करतो. मग ठिणगीची टर्रर्र. त्याबरोबर सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह, गॅस सोडतो आणि 'भप्' करून ज्योत. नंतर काही सेकंदांत बोर्ड, म्हणजे गीझरचं इलेक्ट्रॉनिक सर्किट, खात्री करून घेतो की ज्योत खरंच आहे. नसेल तर गॅस बंद आणि कोड. यातली साखळी कुठं तुटते ते ऐकलं की अर्धं काम झालं.

टिकच नाही आणि डिस्प्लेही काळा, तर गॅसकडं बघूच नका. पाणी कमी आहे, जाळी तुंबलीय किंवा पडदा कडक झालाय. टाकी गीझरच्या वर जेमतेम तीन मीटर असली तर दाब मिळतो ०.३ बार, म्हणजे जेमतेमच. त्यात वर बारीक भोकांचा शॉवर लावला की पडदा हलतच नाही. बादलीत नळ सोडून बघा. पेटला तर गीझर निर्दोष आहे, शॉवर बदला म्हणून सांगा आणि तपासणीचे पैसे घेऊन या.

टिक आहे, ठिणगी नाही: सेल, नाहीतर ठिणगीची वायर. सेल नुसते मीटरवर मोजू नका, ठिणगी चालू असताना मोजा. मोकळा असताना दीड व्होल्ट दाखवणारा सेल लोड आला की झोपतो. रिमोटमधले नाहीतर घड्याळातले स्वस्त सेल घालणारी घरं खूप आहेत. आल्कलाइन घालायला सांगा. ठिणगी पडते पण ज्योत नाही: गॅस येत नाही, कमी येतो किंवा सोलेनॉइड उघडत नाही.

आणि चौथा प्रकार, ज्यात सगळ्यात जास्त बोर्ड विनाकारण बदलले जातात. ज्योत मस्त लागते, निळी असते, पाच-सहा सेकंदांनी विझते आणि ई१. गिऱ्हाईक म्हणतं, "पेटतोय की, मग ज्योत नाही म्हणून का दाखवतो?" बर्नरवर दोन सळ्या असतात. एकीतून ठिणगी पडते, दुसरी ज्योतीत बुडलेली असते. ज्योतीत विजेचा भार असलेले कण असतात, त्यांतून मायक्रोअँपियरमध्ये मोजावा लागतो इतका बारीक करंट वाहतो आणि त्यावरून बोर्ड ज्योत ओळखतो. त्या सळीवर पांढरट थर चढला, तिची क्लिप ढिली झाली, तिच्याभोवतीच्या चिनीमातीला तडा गेला किंवा बर्नरचं अर्थिंग गंजलं, की ज्योत असूनही बोर्डाला ती दिसत नाही. झिरो नंबरच्या पॉलिश पेपरनं सळी हलक्या हातानं पुसा, क्लिप पक्कडीनं दाबा, अर्थचा स्क्रू घासून घट्ट करा. सळी ज्योतीतच बसलीय ना, वाकून बाहेर गेली नाही ना, तेही बघा. अनगोळच्या एका घरात आधीच्या मेकॅनिकनं नवा बोर्ड घातला होता, तरी ई१ तसाच. ती क्लिप मी बोटानं हलवली तर ती हातात आली.

गॅसच्या बाबतीत एक वाक्य रोज ऐकाल: "शेगडी तर चांगली पेटते की हो." सहा लिटरचा गीझर पूर्ण चालला तर तासाला साधारण एक किलो गॅस खातो. शेगडीचा एक बर्नर त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शात भागवतो. त्यामुळं शेगडी पेटण्यावरून गीझरला गॅस पुरतो हे ठरत नाही. शहापुरातल्या एका घरात संध्याकाळी गीझर ठीक आणि सकाळी ई१. सकाळी त्याच सिलिंडरवर सासूबाईंचे तीन बर्नर चालू, शेगडीच्याच पाईपला टी-जॉइंट जोडून गीझरला फाटा दिलेला. मळ्यात वरच्यानं पाटाचं पाणी वळवलं की खालच्याच्या सरीला पाणी पोचत नाही, त्यातलाच प्रकार. तपासायची रीत सोपी आहे: शेगडीचा एक बर्नर पेटवा आणि गीझर सुरू करा. गीझर लागताना शेगडीची ज्योत एकदम खाली बसली तर पुरवठा कमी पडतोय. रेग्युलेटर, पिळ पडलेला पाईप, टी, कॉक या क्रमानं बघा.

शक्य असेल तर गॅसचा दाब मोजायचा मॅनोमीटर ठेवा. महागडा नको; पारदर्शक नळी यू आकारात फळीवर ठोकून पाणी भरलं तरी चालतं. घरगुती एलपीजीचा दाब ३० मिलिबारच्या आसपास असतो, म्हणजे दोन्ही बाजूंच्या पाण्यात साधारण ३० सेंटिमीटर फरक. गीझर बंद असताना आणि चालू असताना, दोन्ही वेळा मोजा. बंद असताना बरोबर आणि चालू केल्यावर धाडकन खाली, तर अडथळा लाईनमध्ये आहे. शहरात आता पाईपचा नैसर्गिक गॅस घेतलेली घरंही आहेत. त्याचा दाब २१ मिलिबारच्या आसपास आणि जेटची, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या तोंडांची, भोकंही वेगळी, मोठी. एलपीजीचा गीझर तसाच त्याला जोडला तर ज्योत मरतुकडी राहते. उलट केलं तर ज्योत लांब, पिवळी आणि धोक्याची. जेट बदलायचे तर कंपनीचा किट आणि कंपनीचा माणूस. तिथं जुगाड करू नका.

आपला जिल्हा लांबरुंद आहे, त्यामुळं गावागणिक बिघाड बदलतो. खानापूरकडं पाऊस आणि ओल. तिकडं गंजलेलं अर्थिंग, ओलाव्यानं भलतीकडं उडणारी ठिणगी, आणि जेटमध्ये किड्यांनी केलेली मातीची घरं. उन्हाळाभर बंद असलेला गीझर पावसाळ्यात लावला आणि पेटला नाही, तर आधी बर्नर उतरवून जेट फुंका. अथणीकडं बोअरचं जड पाणी. तिथं तांब्याच्या नळ्यांत क्षार साचतात, पाणी अडतं आणि जास्त तापल्याचा कोड येतो. आंघोळीला पाणी आधी कढत, मग गार, मग बंद अशी तक्रार आली की क्षार समजा. सायट्रिक ॲसिडचं कोमट पाणी छोट्या पंपानं नळ्यांतून फिरवा, मग साध्या पाण्यानं भरपूर धुवा. संडास धुवायचं ॲसिड घालून तांब्याला भोक पाडणारे महाभाग आहेत. त्यांची गिऱ्हाइकं पुढं आपल्याकडं येतात, पण तोवर तांब्याच्या नळ्यांचा हीट एक्स्चेंजर गेलेला असतो.

सेन्सरचा कोड आला तर मीटर काढा. गरम पाण्याच्या पाईपवरचा तो छोटा सेन्सर तापला की त्याचा रोध कमी होतो. पुष्कळ मशीनमध्ये तो २५ अंशाला १० किलोओहम असतो, ५० अंशाला साडेतीन-चारपर्यंत उतरतो. सुटा करून कोमट पाण्यात बुडवा आणि मीटरचा आकडा हळूहळू उतरतो का बघा. उतरला तर सेन्सर चांगला, मग वायर आणि कनेक्टर तपासा. अनंत दाखवला तर तुटलाय, शून्य दाखवला तर शॉर्ट. विजेच्या गीझरमध्ये एलिमेंटचा हिशोबही तोंडपाठ ठेवा: २ किलोवॅटचं एलिमेंट सुमारे २६ ओहम, ३ किलोवॅटचं साडेसतरा. पण एमसीबी पाडल्याशिवाय आणि अर्थिंग बघितल्याशिवाय टाकीच्या कव्हरला हात नको.

कोड नसलेला बिघाड सर्वात वाईट असतो. बंद न्हाणीत गॅस गीझर चालला की हवेतला ऑक्सिजन कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीनं त्याला धरून ठेवतं. साध्या गीझरचा डिस्प्ले तेव्हाही पाण्याचं तापमानच दाखवत असतो. दुरुस्तीला गेलात आणि गीझर न्हाणीच्या आत दिसला तर आधी तो बाहेर हलवायला सांगा. ज्योत पिवळी असेल, वर काजळी असेल, तर बर्नर साफ होईपर्यंत चालू करून देऊ नका. मालक म्हणतील, "दहा वर्षं असाच आहे, काही झालं नाही." पावतीवर लिहा 'जागा धोक्याची, वापरू नये', खाली त्यांची सही घ्या. त्यावर काही घरं चिडतात, चिडू देत. गळती बघायला साबणाचा फेस, काडी कधीही नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, म्हणून वास आला की आधी कॉक बंद, दारं-खिडक्या उघड्या आणि बटणाला हात नाही.

भाषेचं म्हणाल तर या धंद्यात कन्नड आलंच पाहिजे. वडगावात मराठी चालेल, पण गोकाक-हुक्केरीकडून फोन आला आणि "नीर बिसि आगवल्दु" (पाणी तापत नाही) एवढंच ऐकू आलं तर पुढचे प्रश्न कन्नडमध्येच विचारता यायला हवेत: ज्योत लागते का, किती वेळानं जाते, आकडा कुठला येतो. फोनवरच्या तीन प्रश्नांत कुठली पिशवी न्यायची ते ठरतं. आकडा नीट वाचता येत नसेल तर डिस्प्लेचा फोटो मागवा. ई६ आणि ई८ मध्ये लोक घोटाळा करतात, अर्धी सेगमेंट जळालेली असली की आणखीच.

शिकायला सुरुवात करायची तर इलेक्ट्रिशियन किंवा फ्रिज-एसीच्या ट्रेडनंतर एखाद्या जुन्या मेकॅनिककडं एक हिवाळा काढा. दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत फोन थांबत नाही, तेव्हा शिकवायला वेळ नसतो पण बघायला भरपूर मिळतं. दसऱ्याच्या आधी जाऊन बसलात तर सर्व्हिसिंगची कामं हातात येतात, मशीन सावकाश उघडता येतं. वही ठेवा: मॉडेल, कोड, खरा बिघाड, काय बदललं. नवा बोर्ड बसवायच्या आधी जुना सुटा करून त्याचे कनेक्टर साफ करून परत लावा. एवढ्यानंच चालू झाला तर सर्व्हिसिंगचे पैसे घ्या, बोर्डाचे नको. आणि बोर्ड खरंच गेला असेल तर जुना बोर्ड गिऱ्हाइकाच्या हातात द्या. उन्हाळ्यात काम कमी असतं, त्या दिवसांत वॉटर प्युरिफायर आणि एसीची कामं शिकून घ्या, नाहीतर मार्चपासून दुकानाचं भाडं अंगावर येतं.