ब्युरेटचे वाचन जुळत नाही? या चुका टाळा

अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात अनुमापनाची (एका द्रावणात दुसरे थेंबाथेंबाने सोडून प्रमाण मोजण्याची) तीन वाचने जुळली नाहीत, की दोष बहुधा द्रावणाला किंवा दर्शकाला (रंग बदलून क्रिया पूर्ण झाल्याचे दाखवणाऱ्या पदार्थाला) दिला जातो. प्रत्यक्षात बिघाड पुष्कळदा ब्युरेटच्या, म्हणजे खाली तोटी असलेल्या मापाच्या उभ्या काचनळीच्या, हाताळणीत असतो. ही नळी द्रवाचे आकारमान थेट सांगत नाही. आरंभीचे आणि अखेरचे अशा दोन वाचनांतील फरक आपण घेतो. त्यामुळे आरंभीची पातळी नेमकी शून्यावर नसली तरी काही बिघडत नाही, ती नोंदली म्हणजे झाले. बिघडते ते दोन वाचनांच्या मधल्या काळात काही बदलले तर.

सर्वांत घातक चूक म्हणजे तोटीखालच्या टोकात अडकलेला हवेचा बुडबुडा. वरून भरलेली ब्युरेट निर्दोष दिसते, पण अनुमापन चालू असताना तो बुडबुडा निसटला, की त्याची जागा द्रव भरून काढतो आणि खालच्या शंकुपात्रात न पडलेला द्रवही पडल्याचे वाचन दाखवते. बुडबुडा 0.2 मिलीचा आणि वाचन 10 मिलीच्या आसपास असेल, तर एवढ्यानेच 2 टक्क्यांची चूक होते. म्हणून ब्युरेट शून्याच्या वर भरून तोटी क्षणभर पूर्ण उघडावी, द्रवाच्या झोताबरोबर हवा बाहेर काढावी आणि मगच पातळी खाली आणून वाचन घ्यावे. भरताना लावलेले नरसाळेही वाचनापूर्वी काढून ठेवावे, कारण त्याच्या दांड्यातून एखादा थेंब नंतर गळला तर पातळी वाढते आणि वाचन कमी येते.

वाचन घेताना डोळा पातळीच्या रेषेत हवा, हे सर्वांना पाठ असते. तरीही वरच्या टोकाचे आरंभीचे वाचन मान उंचावून खालून घेतले जाते आणि अखेरचे वाचन उभ्यानेच वरून पाहून. ब्युरेटवरचे आकडे वरून खाली वाढत जात असल्यामुळे खालून पाहिलेले वाचन जास्त आणि वरून पाहिलेले कमी येते. म्हणजे इथे दोन्ही चुका एकमेकींना खोडून न काढता एकाच दिशेने साचतात आणि फरक कमी भरतो. स्टँडवरची ब्युरेट वर-खाली सरकवावी किंवा आपण वाकावे, पण नजर आडवीच ठेवावी. रंगहीन द्रावणात वक्रपृष्ठाची (नळीतील द्रवाच्या वाकलेल्या पृष्ठभागाची) खालची कड वाचावी. पोटॅशियम परमँगनेटसारख्या गडद द्रावणात ती दिसतच नाही, म्हणून तिथे दोन्ही वेळा वरची कड वाचावी. 0.1 मिलीच्या दोन रेषांमधील पातळीचा अंदाज 0.05 मिलीपर्यंत घेता येतो, तो टाळू नये.

ब्युरेट केवळ ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन लगेच भरणे ही वेगळ्या जातीची चूक आहे, कारण इथे आकारमान बरोबर असूनही द्रावणाची संहती (तीव्रता) बदललेली असते. आत 0.5 मिली पाणी राहिले, तर 50 मिली द्रावण सुमारे 1 टक्क्याने विरल होते. ज्या द्रावणाने भरायचे त्याच्याच थोड्या भागाने ब्युरेट दोन-तीनदा विसळावी. शंकुपात्राचा नियम मात्र नेमका उलटा आहे: ते पाण्यानेच धुवावे, त्यात घ्यायच्या द्रावणाने कधीही नाही, कारण पिपेटने मोजून घेतलेल्या द्रावणात मग न मोजलेली भर पडते.

द्रव उतरल्यावर आतल्या काचेवर थेंब चिकटून राहत असतील, तर काच तेलकट आहे असे समजावे. ते थेंब शंकुपात्रात न पडताही हिशेबात धरले जातात. साबणाच्या पाण्याने आणि लांब ब्रशने ती घासावी. भट्टीत तापवून मात्र वाळवू नये.

तोटीची निवड द्रावण पाहून करावी. कार्ल फ्रीड्रिख मोर याने एकोणिसाव्या शतकात रूढ केलेली रबरी नळी आणि चिमटा यांची ब्युरेट सोडियम हायड्रॉक्साइडसाठी आजही चांगली, पण परमँगनेट रबरावर क्रिया करते, तिथे काचेची तोटी हवी. उलट सोडियम हायड्रॉक्साइडसारखी अल्कली भरून ठेवल्यास काचेची तोटी घट्ट बसते. अशी तोटी जोर लावून फिरवल्यास काच तडकते, म्हणून ती कोमट पाण्यात भिजवून हळूहळू सैल करावी. गळत असेल तर पुसून अगदी पातळ ग्रीस लावावे, तेही छिद्रापासून दूर. टेफ्लॉनच्या तोटीला ग्रीस लागत नाही. तिथे फक्त मागची चकती थोडी आवळावी. काम संपताच ब्युरेट रिकामी करून पाण्याने धुवावी आणि तोटी उघडी ठेवून उलटी लावावी. परमँगनेटचे तपकिरी डाग राहिलेच, तर आम्ल मिसळलेल्या ऑक्झॅलिक आम्लाच्या कोमट द्रावणाने ते जातात.