अ‍ॅम्प्लिफायर उघडण्याआधी

आधी मल्टीमीटर घ्या आणि गाडीतच बसा. अ‍ॅम्प्लिफायर मेला म्हणून दुरुस्तीच्या बाकावर येतो, तिथे ठणठणीत वाजतो आणि दुखणं गाडीतच राहिलेलं असतं, हे फार वेळा होतं. मीटरचं काळं टोक अ‍ॅम्प्लिफायरच्या स्वतःच्या अर्थ टर्मिनलला लावा, गाडीच्या पत्र्याला नको. पत्र्याला लावलंत तर नेमका खराब अर्थ लपून जातो. लाल टोक त्याच्या पॉझिटिव्ह टर्मिनलला लावा. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. टेप चालू केल्यावर रिमोटच्या, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरला चालू होण्याचा इशारा देणाऱ्या बारीक वायरवर बारा व्होल्ट येतात का, तेही पाहा. मग बास जोरात लावून अर्थ टर्मिनल आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामधला फरक मोजा. तो अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थचा बोल्ट काढा, खालचा रंग खरवडा आणि पुन्हा आवळा. फ्यूज नुसता डोळ्यांनी पाहू नका, काढून कंटिन्युइटी (करंट आरपार जातो का ते) तपासा.

प्रोटेक्टचा, म्हणजे बिघाड ओळखून अ‍ॅम्प्लिफायर स्वतःला बंद करतो तेव्हाचा, लाल दिवा लागत असेल तर स्पीकरच्या सगळ्या वायरी आणि टेपकडून आवाज आणणाऱ्या आरसीए वायरी काढून पुन्हा चालू करा. दिवा गेला तर अ‍ॅम्प्लिफायर बिचारा निर्दोष आहे. चार ओहमचा वूफर मीटरवर साधारण साडेतीन ओहम दाखवतो. शून्याजवळ गेला तर कॉइल गेली, नाहीतर वायर कुठेतरी पत्र्याला घासते आहे. सगळं सुटं करूनही दिवा तसाच राहिला, तरच स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या.

बाकावर सोल्डरिंग आयर्न, डिसोल्डर पंप, फ्लक्स, थर्मल पेस्ट, शंभर ओहम पाच वॅटचा एक रेझिस्टर आणि १२ व्होल्टचे दोन बल्ब लागतील, एक २१ वॅटचा आणि एक हेडलाइटचा. यात बल्ब सगळ्यात महत्त्वाचा, आणि लोक नेमका तोच विसरतात. पॉझिटिव्ह वायरमध्ये सिरीजला टाकलेला बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. झगझगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, पण जळलं काहीच नाही. मोठा अ‍ॅम्प्लिफायर २१ वॅटच्या बल्बवर सुरूच होत नाही, म्हणून हेडलाइटचा. मी एकदा हा बल्ब न लावता थेट बॅटरी जोडली आणि नवे घातलेले चार मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) एका टिचकीत गमावले.

झाकण काढलं की आधी फोटो काढा. मोठ्या कपॅसिटरवर रेझिस्टर धरून ते रिकामे करा, मीटरने खात्री करा आणि मगच हात लावा. मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आतल्या प्लस आणि मायनस सप्लायच्या दोन रेलमधला फरक शंभर व्होल्टच्या वर जातो, आणि बंद केल्यावरही तो काही वेळ टिकतो.

मीटर डायोडवर ठेवून मॉसफेटचे ड्रेन आणि सोर्स, म्हणजे ज्यांतून मुख्य करंट जातो ते दोन पाय, तपासा. दोन्ही दिशांनी शून्य आलं तर शॉर्ट. मात्र ते समांतर जोडलेले असतात. एक गेला की ओळीतले सगळेच गेल्यासारखे दिसतात, म्हणून पाय सोडवून एकेक मोजावा लागतो. सप्लायचे (बॅटरीचे व्होल्ट वाढवणारे) गेलेले दिसले तरी तिथेच थांबू नका, आउटपुटचेही (स्पीकर चालवणारे) पाहा. आउटपुट शॉर्ट असताना सप्लाय दुरुस्त केला तर तो पुन्हा जाणारच. बदलताना पूर्ण ओळ एकाच नंबरची घाला आणि गेटचे, म्हणजे मॉसफेटला चालू-बंद करणाऱ्या पायाचे, रेझिस्टर मोजा. मॉसफेट फुटताना ते बरेचदा सोबत जातात.

बसवताना मॉसफेट आणि हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) यांच्यामधला जुना अभ्रक किंवा रबरी पॅड फाटलेला असेल तर नवा घाला. पट्टी आवळल्यावर प्रत्येक मॉसफेटचा धातूचा पाठचा भाग आणि हीटसिंक यांच्यात कंटिन्युइटी नाही ना, पाहा. हीटसिंकला आवळल्याशिवाय करंट देऊ नका, ‘जरा एक सेकंद बघतो’ म्हणूनही नाही.

मग बल्बमधून चालू करा आणि स्पीकर न जोडता त्याच्या टर्मिनलवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर आधी जुना, गेला तरी चालेल असा स्पीकर लावा.