‘जाणे’ या क्रियापदाला पर्याय शोधताना या चुका टाळा

लेखात ‘जाणे’ वारंवार आले की आपण पर्याय शोधू लागतो, आणि समानार्थी शब्दांच्या यादीतील निघणे, रवाना होणे, मार्गस्थ होणे, प्रस्थान ठेवणे, कूच करणे हे सारे एकाच मापाचे समजून हाताला येईल तो शब्द वाक्यात बसवतो. वास्तविक यातील प्रत्येक शब्दाला स्वतःची अर्थच्छटा आहे.

सर्वाधिक गल्लत ‘प्रस्थान’ या शब्दाबाबत होते. प्रवासाच्या दिवशी मुहूर्त चांगला नसेल, तर आधीच्या शुभ वेळी सोबत न्यायची एखादी वस्तू दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवण्याची जुनी रीत होती. प्रस्थान ‘ठेवले’ जाते ते म्हणूनच. आळंदीत परंपरेने ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी प्रस्थान ठेवते, तेव्हा ती देवळातून निघून गावातच आजोळघरी मुक्कामाला थांबते आणि दुसऱ्या दिवशी पुण्याकडे मार्गस्थ होते. त्यामुळे ‘पालखीने सासवडहून जेजुरीकडे प्रस्थान ठेवले’ असे लिहू नये. वाटेतल्या मुक्कामाहून पालखी निघते किंवा मार्गस्थ होते.

‘मजल’ म्हणजे एका मुक्कामापासून दुसऱ्या मुक्कामापर्यंतची वाट. वारकरी मजल दरमजल करीत पंढरपूर गाठतात, हे यथार्थ आहे. विमानाने थेट दिल्लीला जाणाऱ्याला मात्र हा वाक्प्रचार लावता येत नाही.

‘आगेकूच’ हा मुळात लष्करी शब्द असला, तरी टप्प्याटप्प्याने नवे प्रदेश व्यापणाऱ्या मोसमी वाऱ्यांना तो शोभतो. मात्र ‘पुढे आगेकूच’ ही द्विरुक्ती आहे.

हिंदीच्या प्रभावाने येणारे प्रयोग अधिक खटकतात. ‘राज्य विकासाकडे अग्रेसर होत आहे’ या वाक्यात ‘वाटचाल करीत आहे’ हवे, कारण मराठीत अग्रेसर म्हणजे आघाडीवर असलेला. ‘रस्ता गावातून गुजरतो’ असेही नको; रस्ता गावातून जातो, आणि तिथे साधे ‘जाणे’च उत्तम.

शब्द बदलल्यावर कर्त्याचे रूपही तपासावे. भूतकाळात ‘पालखी निघाली’, ‘पालखी मार्गस्थ झाली’, परंतु ‘पालखीने प्रस्थान ठेवले’. घाईत केवळ क्रियापद बदलले, की ‘पालखीने मार्गस्थ झाली’ असे सदोष वाक्य छापून जाते.